जुन्या मॅसीचं ऑईल प्रेशर कसं तपासायचं, चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवायच्या आधी

जुनी मॅसी 1035 (मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर) घरात असली की एक दिवस हे होतंच, भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागलेलो असतो आणि डॅशवरचा ऑईलचा काटा पार खाली पडलेला दिसतो. तेव्हा आहे तिथं इंजिन बंद करा, घरापर्यंत नेऊ म्हणून ओढत आणलं आणि प्रेशर खरंच गेलेलं असलं तर बेरिंगं गेलीच समजा. पण बंद केलं म्हणून लगेच इंजिन खोलून दुरुस्तीला पण द्यायचं नाही. आमच्याकडे मेस्त्रीने नुसतं काट्याकडे बघून क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घासलाय म्हणून सांगितलं, वडील पैशाच्या जुळवाजुळवीला पण लागले, आणि मग दुसरं गेज लावून बघितलं तर गरम इंजिनाला 40 पौंड (म्हणजे psi, दर चौरस इंचाला) प्रेशर, डॅशच्या गेजला जाणारी बारीक नळी तेवढी गाळाने बुजलेली. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की आधी दुसऱ्या गेजवर मोजा, आणि इंजिन गरम करून मोजा.

गरम का, तर पंप ऑईल ढकलतो आणि बेरिंगच्या बारीक फटीतून जाताना ते अडतं, तो अडथळा म्हणजेच गेजवर दिसणारं प्रेशर. थंड ऑईल घट्ट असतं त्यामुळे झिजलेलं इंजिन पण सकाळी सकाळी 50-60 पौंड दाखवतं आणि माणूस खूश होतो. ट्रॅक्टर विकत घ्यायला गेलात आणि मालकाने थंड इंजिन चालू करून काटा दाखवला तर त्याला काही अर्थ नाही, अर्धा तास नांगराला लावा मग बघा.

सामान जास्त लागत नाही. 0 ते 100 पौंडाचं साधं काट्याचं मेकॅनिकल गेज, त्याला दोन-तीन फूट प्रेशरची नळी, जोडणीचं निपल, तांब्याचे नवे वायसर, पाने आणि फडकी. निपलचे आटे अंदाजाने घेऊ नका, ब्लॉकमधलं जुनं निपल खोलून दुकानात न्या आणि त्याच्याशी जुळवून घ्या, चुकीचे आटे जोर लावून बसवले तर ब्लॉकमधले आटे जातात आणि ते निस्तरणं फार अवघड. गेज खरं दाखवतंय का हे पंक्चरवाल्याकडे कळतं, त्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेला जोडून 40 पौंडाला दोन्ही काटे मिळतात का बघायचं.

आता आधी ऑईल बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा म्हणजे ऑईल खाली उतरतं, मग ऑईल मोजायची पट्टी पुसून परत घालून बघा. पातळी कमी असेल तर भरा. पण पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ते जास्त वाईट, बोटावर घेऊन वास घ्या, डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम म्हणजे पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय असं होऊ शकतं, नाहीतर एखादा नोझल गळत असतो. ऑईल पातळ झालं की प्रेशर पडणारच, त्यात बेरिंगचा काही दोष नाही. ऑईल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी मिसळलंय, मग प्रेशर मोजत बसू नका, हेडगॅस्केटकडे बघा.

ऑईल बरोबर असलं की अर्धा तास कामाला लावा, नुसतं उभं ठेवून इंजिन नीट गरम होत नाही. मग बंद करा, हँडब्रेक लावा, गिअर आणि पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) दोन्ही न्यूट्रलला. ब्लॉकच्या बाजूने डॅशच्या गेजला जाणारी बारीक नळी दिसेल तिचं ब्लॉककडचं टोक खोला, पण ऑईल चांगलंच भाजतं त्यामुळे फडकं धरून हळू. तिथं आपलं निपल बसवा. टेफ्लॉन टेप लावायची तर पहिला आटा मोकळा सोडून लावा कारण टेपचा तुकडा आत गेला तर ऑईलच्या वाटेत जाऊन अडकेल. नळी सायलेन्सरला आणि पंख्याला कुठंही लागता कामा नये, आणि गळ्यातला टॉवेल, उपरणं, सैल बाह्या आधी आवरा, पंखा उघडा असतो.

इंजिन चालू केलं की नजर काट्यावरच. पाच-दहा सेकंदात काटा उठला नाही तर लगेच बंद. उठला तर मंद रेसला किती, मधल्या रेसला किती आणि फुल रेसला किती हे तीन आकडे वहीत लिहा. पर्किन्सच्या बनावटीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनांना गरम असताना फुल रेसला 30 ते 60 पौंड हा हिशोब धरायचा. मंद रेसला 10-15 पौंडावर आलं तरी जुन्या इंजिनाला चालतं, घाबरू नका, पण रेस वाढवली की काटा वर चढलाच पाहिजे. दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या पुस्तकातला आकडा बघा, तोच खरा.

आकडे आले की मग विचार करा. नव्या गेजवर प्रेशर चांगलं आणि डॅशवर कमी म्हणजे डॅशचं गेज नाहीतर नळी, नळी डिझेलने धुवून हवा मारा. काटा सारखा थरथरतोय तर पंप ऑईलबरोबर हवा ओढतोय, ऑईल कमी आहे नाहीतर चेंबरमधला सक्शनचा पाईप सैल आहे. थंड असताना भरपूर आणि गरम झाल्यावर 30 च्या बरंच खाली, तर ऑईल आणि फिल्टर बदलून परत मोजा, जुन्या मॅसीला डब्यातलं एलिमेंट (फिल्टरचा आतला गाळायचा भाग) असतं, ते बदलताना डब्याचं रबर पण नवं घाला. तरीही खालीच राहिलं तर मात्र चेंबर उतरवायची वेळ आली. तेव्हा पण क्रँककडे पळू नका, आधी सक्शनची जाळी गाळाने भरलीय का बघा, मग रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हची) स्प्रिंग आणि त्याची बसायची जागा, मग पंप, आणि शेवटी मेन आणि कनेक्टिंगची बेरिंगं. हा क्रम पाळला तर बऱ्याचदा थोडक्यात भागतं.

घट्ट ऑईल टाकून काटा वर आणायचा सल्ला भरपूर लोक देतात, मला तो अजिबात पटत नाही. काटा वर येतो, पण झिजलेली फट तशीच राहते आणि थंडीत सकाळी तेच घट्ट ऑईल वरच्या भागाला उशिरा पोचतं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका.

मोजून झालं की जुनी नळी नवा वायसर घालून जोडा, इंजिन पाच मिनिटं चालवून गळती बघा, पट्टी परत एकदा तपासा. ते तीन आकडे, तारीख आणि ऑईल किती तासांचं झालंय हे टूलबॉक्सच्या झाकणाला आतून खडूने नाही तर ऑईलपेंटने लिहा, पुढच्या हंगामाआधी परत मोजाल तेव्हा ताडून बघायला तेच लागतं.