आकडे, नावं, याद्या डोक्यात कशा टिकवायच्या, आणि हुशारी नेमकी कशात बघायची

अल्पकालीन स्मरणशक्ती सुधारायची असेल तर आधी ती मोजून घ्या. घरातल्या कुणाला तरी सुटे आकडे वाचायला सांगा, सेकंदाला एक, एका सुरात. सुरुवात चार आकड्यांपासून करा. वाचून झालं की त्याच क्रमाने म्हणायचं, मग पाच, मग सहा. प्रत्येक लांबीला दोन संधी घ्या आणि दोन्ही चुकल्या की थांबा. त्याच्या आधीची लांबी हा तुमचा आवाका. मग हेच उलट क्रमाने करा. मोठ्या माणसांना सुलट साधारण सात आणि उलट पाचच्या आसपास जमतात. वाचणाऱ्याने मोबाइल नंबर सांगतात तसे तुकडे पाडून वाचले तर मोजणी फसते, कारण अर्धं काम त्यानेच केलेलं असतं.

सातचा हा अंदाज मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडला. घोकायला आणि गट पाडायला वाव दिला नाही तर खरी जागा चारेक गोष्टींचीच असते, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. ही जागा सरावाने फारशी रुंदावत नाही. पण एका जागेत किती मावतं ते पुष्कळ वाढतं, म्हणून मेहनत तिथेच घ्यायची.

हा आकडा बघा: १९३११९४७१९६०. सुटे बारा आकडे एकदा ऐकून फार थोड्यांना म्हणता येतील. पण १९३१ म्हटलं की सोलापूरकराला चार हुतात्मे आठवतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारीला येरवड्यात त्यांना फाशी दिलं ते हे साल. १९४७ आणि १९६० शाळेपासून पाठ आहेत. बारा आकड्यांच्या तीन गोष्टी झाल्या. रोज पाच मिनिटं असेच गट पाडा: ४१३ दिसलं की आपल्या सोलापूरच्या पिनकोडची सुरुवात, १३ दिसलं की आपल्या सोलापूरच्या गाडीची पाटी, बाकीच्या आकड्यांना घरातली जन्मसालं आणि वयं. जुळवाजुळव करताना अडखळलात की पुढचे आकडे निसटतात, म्हणून पहिला आठवडा वाचणाऱ्याला दोन सेकंदांना एक आकडा म्हणायला लावा आणि मग वेग वाढवा.

नंबर ऐकताना जोड्यांनी ऐकू नका. एकोणसत्तर ऐकून ७९ आणि एकोणऐंशी ऐकून ८९ लिहिणारे घरोघरी आहेत. शिवाय आपण आकडे मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो, त्यामुळे उच्चार लांब तितके कमी मावतात. सहा-नऊ, सात-नऊ असं सुटं म्हणा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर ज्या भाषेत तुम्ही सर्वांत झरझर मोजता तीच वापरा, मराठीचा हट्ट नको.

बाजाराच्या यादीला वाटेचा उपयोग करा. रोज जाता-येता दिसणारी पाच-सहा ठिकाणं ठरवा, समजा सोलापुरात सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक, नवी पेठ. क्रम तुमच्या जाण्याचाच असू द्या. प्रत्येक ठिकाणी एक वस्तू ठेवा, पण नुसती ठेवू नका, काहीतरी घडू द्या: डफरीन चौकात शेंगा चटणीचं पोतं फुटलंय आणि रिक्षा लालभडक झाल्यात. बेचव चित्र पुसलं जातं. एकाच वाटेवर सकाळी आणि संध्याकाळी वेगळी यादी ठेवलीत तर दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून तीन तरी वाटा तयार ठेवा.

विसरण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मध्येच लक्ष खेचलं जाणं. पीटरसन दांपत्याच्या १९५९ च्या प्रयोगात माणसांना फक्त तीन अक्षरं दिली आणि लगेच तीन-तीनने उलटं मोजायला लावलं. अठरा सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गेली. त्यामुळे कामाला उठताना काम तोंडाने म्हणा आणि ते होईपर्यंत फोन उचलू नका. अभ्यासाला बसलेल्या मुलाला शेजारच्या यंत्रमागाची एकसुरी खडखड तितकी नडत नाही जितकं टीव्हीवरचं बोलणं नडतं. बोललेले शब्द मनातल्या घोकण्यात थेट घुसतात. (कारखान्यातला आवाज कानांना वाईटच, तो विषय वेगळा.) आधी मालिका बंद करा.

उद्यापर्यंत टिकवायचं असेल तर पुन्हा वाचत बसू नका. झाकून आठवा: एक मिनिटाने, दहा मिनिटांनी, झोपताना, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी हे तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून बघणारे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, तो यामुळेच.

आता हुशारीबद्दल. एका अमेरिकन विद्यार्थ्याचा आवाका सरावाने सातवरून ७९ आकड्यांवर गेला, १९८० साली एरिक्सन, चेस आणि फालून यांनी ते प्रसिद्ध केलं. तो धावपटू होता, आकड्यांना शर्यतींच्या वेळा समजायचा. अक्षरं दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. मेंदूच्या खेळांच्या ॲपवर पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्या: बहुतेकदा सुधारतो तो खेळच.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटल यांनी बुद्धीचे दोन भाग केले. नवं कोडं सोडवणारी एक, साठवलेल्या ज्ञानाची दुसरी. पहिली वयाबरोबर उतरते, दुसरी बरीच टिकते आणि वाढतेही. जकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, डिझाइन काढणारा कारागीर आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत बसत नाही. त्याला मोराची मान दिसते आणि कुठला उभा धागा उचलायचा ते कळतं, कारण त्याच्या चार जागांत आख्ख्या नक्ष्या बसलेल्या असतात. जमाखर्चाच्या वहीत तोच माणूस तुमच्या-माझ्यासारखाच अडेल.

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली भाषिक, तार्किक, सांगीतिक, अवकाशीय अशा सात बुद्धी सांगितल्या, पुढे निसर्गाची आठवी जोडली. मुलाकडे नीट बघायला ही यादी चांगली आहे, पण या बुद्धी एकमेकींपासून वेगळ्या असल्याचा भक्कम पुरावा नाही. मुलाला ‘हा डोळ्यांनी शिकणारा’, ‘हा कानांनी’ असं ठरवून तसंच शिकवल्याने फायदा होतो, हेही सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा महिनाभर वहीत टिपा की मूल न सांगता काय लक्षात ठेवतं: गाड्यांचे मार्ग, गाण्यांच्या चाली, क्रिकेटचे धावफलक. मग गणितातले आकडे त्यातूनच द्या. भागाकार धावांच्या सरासरीवर, टक्केवारी जिंकलेल्या सामन्यांवर.

घरातलं वयस्कर माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळलं तर हे सराव बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करायची का, ते विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बऱ्याचदा आढळते आणि ती भरून काढता येते.