दुसरा साप घेताना: कोकणातल्या घराचा हिशेब

जुलैत आमच्या घरातला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र, ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. जांभ्याच्या भिंती ओल्या, कपाटातल्या पट्ट्यावर भुरी आणि मिठाच्या बरणीत पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. दुसरा साप निवडताना रंग आणि किंमत बघण्याआधी ही ओल बघा. मी बघितली नव्हती. ते पुढे सांगतोच.

ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षं एक साप आहे, तो नीट खातो आणि कात एकसंध टाकतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडे पहिला साप बहुधा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) असतो, म्हणून तोच धरून चालतो.

१. कागदपत्रं

देशी साप पाळायचा विचार डोक्यातून काढा. नाग, अजगर, धामण, विहिरीतला दिवड, सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मांडुळाचं तर नावही काढू नका. गुप्तधनाच्या भाकडकथांमुळे त्याची तस्करी चालते आणि कोकणात त्यावरून माणसं पकडली जातात.

विदेशी सापांत बॉल पायथन आणि सगळे बोआ ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत. २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप त्या यादीत नाही, तरी तो कुठून आला याचा कागद घ्याच. विकणारा ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.

२. खोली मोजा

साप जिथे ठेवणार तिथे कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणि हायग्रोमीटर निदान पंधरा दिवस ठेवा. जमलं तर मे आणि जुलै दोन्ही महिने मोजा. सापांबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते, त्यामुळे ती हीट मॅट, हीट लॅम्प यांनी भरलेली. आपली अडचण उलटी आहे. साप ज्यात राहतो तो टब तापवणं सोपं आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत त्याची एक बाजू गार राखणं कठीण.

बॉल पायथनला उबेची बाजू ३१-३२ अंश लागते आणि गार बाजू २५-२६. कॉर्न स्नेकला २८-३० आणि २२-२४. म्हणजे वर्षातले बरेच महिने कॉर्न स्नेकला आपल्या किनाऱ्यावर जवळपास काहीच तापवून द्यावं लागत नाही. मे महिन्यात मात्र त्याचा टब माळ्यावरून उतरवून माजघरातल्या जमिनीवर ठेवायची तयारी हवी.

३. जात ठरवा

आता माझी चूक. दुसरा साप म्हणून मी केनियन सँड बोआ घेतला. लहान चणीचा, नारिंगी-तपकिरी, दिवसभर वाळूत पुरून बसणारा. जागा कमी, काम कमी असा हिशेब. मे महिना छान गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला हातात घेतलं तर पोटाकडचे दोन-तीन खवले कडेला लालसर आणि थोडे उचललेले. चार दिवसांनी तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी साबणाच्या फेसासारखा एक बुडबुडा आणि श्वासागणिक बारीक ‘टिक’ असा आवाज. कोरड्या मुलखातला प्राणी. मी त्याला ओल्या वाळूत बसवलं होतं. सापांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधत भर पावसात घाट चढावा लागला. साप वाचला, पण नंतर देशावरच्या एका जाणत्या पाळणाऱ्याकडे रीतसर देऊन टाकला. तिथे तो सुखात आहे.

तुमचा पहिला साप बॉल पायथन असेल, तर दुसरा कॉर्न स्नेक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉल पायथन मनात आलं की दोन-दोन महिने जेवत नाही आणि आपल्याला घोर लावतो. कॉर्न स्नेक सहसा ताटावरून उठत नाही. संध्याकाळी तो फिरतो, चढतो, दिसतो. लांबी साधारण चार-पाच फूट, आयुष्य १५-२० वर्षं. खोड एकच: पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू निसटतं. झाकणाला चारही बाजूंनी क्लिप हवीच.

दुसरा बॉल पायथनही चालेल, पण ‘स्पायडर’ मॉर्फ (रंग-नक्षीचा एक प्रकार) घेऊ नका. त्या रंगासोबत डोकं डुगडुगण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. किंगस्नेक देखणा, पण साप खाणारा. दोन सापांना एका टबात ठेवायचं नाहीच, कुठलेही असोत.

मोठ्या बोआबद्दल थोडं थांबून सांगतो. सहा-सात फुटांची जागा हा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न ‘इन्क्ल्यूजन बॉडी डिसीज’ या विषाणूजन्य रोगाचा. बोआ हा रोग कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता अंगावर बाळगतो. तोच पायथनला झाला तर तोल जातो, मान वाकडी होते आणि जनावर फार दिवस काढत नाही. घरात पायथन असताना तपासणी न झालेला बोआ मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

४. हातात घेऊन बघा

फोटोवरून साप घेऊ नका. पाठीचा कणा बोटाने चाचपा, गाठ किंवा खाच नको. पोटाचे खवले सपाट हवेत, शेपटीखालची गुदाची फट स्वच्छ हवी, डोळ्यावर जुन्या कातीची टोपी राहिलेली नको. साप कानाशी धरून श्वास ऐका. मग पांढरा टिश्यू ओला करून अंगावरून फिरवा. खसखशीहून बारीक काळे ठिपके आले तर त्या माइट्स, सापाचं रक्त पिणारे गोचिडीसारखे जीव. आणि त्याला तुमच्यासमोर खाताना बघायचा आग्रह धरा, तेही फ्रीझरमधून काढून गरम केलेला उंदीर.

फ्रीझरमधल्या उंदरांचा हा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा, कारण फ्रीझर विजेवर चालतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नसतो, टाकूनच द्यावा लागतो. म्हणून पावसाळ्यात साठा थोडाच ठेवा. दोन्ही सापांना एकाच मापाचा उंदीर चालत असेल तर हिशेब सोपा होतो. (फ्रीझर वेगळा घ्या. सुरमईशेजारी उंदीर ठेवल्यावर आईशी काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.)

५. तीन महिने वेगळा

नवा साप दुसऱ्या खोलीत, ९० दिवस. तळाला फक्त साधा कागद, म्हणजे विष्ठा आणि माइट्स लगेच दिसतात. चिमटा, पाण्याचं भांडं, पुसायचं फडकं, सगळं वेगळं. रोजचं काम आधी जुन्या सापाचं, मग नव्याचं. मधे हात धुतले तरी उलट क्रम नको. पहिला आठवडा त्याला हात लावू नका, आणि दोन-तीनदा नीट जेवल्याशिवाय पाहुण्यांना दाखवू नका. या काळात विष्ठेची तपासणी करून घ्या.

दिवस पावसाळ्याचे असतील तर टबाला जास्त भोकं पाडा, पाण्याचं भांडं लहान करा, नारळाच्या काथ्याचा भुसा काढून कागदावरच ठेवा. थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट जुलैत उबेपेक्षा कोरडेपणासाठी उपयोगी पडते, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. टब ठेवलेल्या मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मेलेला उंदीर सोडत नाहीत आणि कात टाकायला आलेला सापही.

६. शेजारी

तपकिरी ठिपक्यांचा बॉल पायथन खळ्यात दिसला तर वाडीतला माणूस ‘घोणस!’ म्हणूनच ओरडणार आणि काठी आणणार. त्याचं चुकत नाही. घोणस आणि फुरसं इथे खरोखरच असतात. तुमच्या दोन्ही सापांचे फोटो शेजाऱ्यांना आणि जवळच्या सर्पमित्राला आधीच पाठवून ठेवा, खाली तुमचा नंबर लिहून. आणि टब असलेल्या खोलीच्या दाराखालच्या फटीला आजच रबरी पट्टी मारा, साप यायच्या आधी.