हाच चित्रपट का आवडतो? कारण शोधण्याची एक रीत

आवडत्या चित्रपटाबद्दल विचारलं की बहुतेक जण कथा सांगू लागतात आणि ती संपली की ‘बघाच एकदा’ म्हणून मोकळे होतात. माणसाच्या मनातच घडणाऱ्या चित्रपटांच्या बाबतीत ही पद्धत हमखास फसते, कारण त्यांची कथा दोन ओळींत संपते. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा १९६६ सालचा ‘पर्सोना’ घ्या. बोलणं सोडलेली एक अभिनेत्री, तिची काळजी घेणारी नर्स आणि समुद्रकाठचं घर. एवढं ऐकून कुणाला काहीच होत नाही. जे होतं ते कोणता चेहरा दाखवला, कोणता टाळला आणि किती वेळ, यातून होतं. म्हणून आवडीचं कारणही तिथेच शोधायचं.

आधी प्रत तपासा. ‘पर्सोना’ची चौकट जवळपास चौकोनी, १.३७:१ अशी आहे. रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. त्या नसतील तर चित्र ताणलेलं आहे किंवा वर-खाली कापलेलं आहे, आणि सगळा जीव क्लोज-अपमध्ये असलेल्या चित्रपटात कपाळ-हनुवटी कापली गेली तर उरतं काय? टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू असलं की जुना चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. काही जुन्या युरोपीय डीव्हीडींवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५च्या वेगाने चालतो. मग १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, आवाज किंचित चढा येतो आणि शांतताही तेवढ्याच आखडतात.

पहिल्यांदा सलग पाहा. मध्ये थांबवू नका, आधी परीक्षणं वाचू नका. लगेच काही लिहूही नका. दुसऱ्या दिवशी आठवतील ते चार-पाच प्रसंग, आठवतील तसे उतरवा. आठवणीत चुका असतील, त्या खोडू नका. त्याच कामाच्या आहेत. ‘पर्सोना’त नर्स आल्मा समुद्रकिनाऱ्यावरचा एक जुना प्रसंग सांगते. तो प्रत्यक्ष पाहिल्यासारखा आठवतो: ऊन, वाळू, सगळं. पण बर्गमनने त्यातलं काहीही दाखवलेलं नाही. पडद्यावर आहे फक्त एक खोली, बोलणारी आल्मा आणि ऐकणारी अभिनेत्री एलिझाबेत. तुमच्या नोंदीत अशी न दाखवलेली दृश्यं सापडली तर त्यांच्याभोवती खूण करा.

दुसऱ्यांदा पूर्ण चित्रपट नको, खूण केलेले प्रसंगच घ्या. आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. वहीत चार रकाने आखा: शॉट किती सेकंद, कोण दिसतं, कोण बोलतं, मागे कोणता आवाज. काम कंटाळवाणं आहे. दहा मिनिटांच्या प्रसंगाला तास सहज जातो. पण फळ इथेच मिळतं. शेवटाकडे आल्मा एलिझाबेतला तिच्या नकोशा मुलाबद्दल सुनावते. ते संपूर्ण बोलणं दोनदा येतं. पहिल्या वेळी कॅमेरा ऐकणाऱ्या एलिझाबेतवर, दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या आल्मावर, आणि मग दोघींचे अर्धे-अर्धे चेहरे जोडून एकच चेहरा. ‘कोण बोलतं’ हा रकाना दोन्ही वेळा तोच राहतो, ‘कोण दिसतं’ हा पालटतो. पहिल्या वेळी आरोप ऐकणारीवर असतो. दुसऱ्या वेळी तेच शब्द बोलणारीला चिकटतात. ‘व्यक्तिमत्त्वांची सरमिसळ’ वगैरे शब्द न वापरता हे एवढं लिहिलं तरी पुरे.

तिसरी फेरी छोटी: पडद्याकडे पाठ करून एक प्रसंग नुसता ऐका. संगीत कुठे थांबतं आणि श्वास कुठे ऐकू येतो, तेवढं टिपा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पात्राला आजाराचं नाव चिकटवणं. ‘पर्सोना’त निदानाचं काम डॉक्टरीणबाई सुरुवातीलाच उरकतात, एलिझाबेतचं मौन ही तिने निवडलेली आणखी एक भूमिका आहे, असं त्या तिला तोंडावर सांगतात. त्यानंतर बराच चित्रपट उरतो. म्हणजे निदान हा या चित्रपटाचा मुक्काम नाही, आणि आपल्या आवडीचं कारणही नाही. दुसरी चूक धक्क्याला आवड समजण्याची. गुपित ठाऊक झाल्यावरही तो प्रसंग पाहावासा वाटतो का, एवढंच तपासा. हिचकॉकने १९५८च्या ‘व्हर्टिगो’मध्ये शेवटाच्या बऱ्याच आधी गुपित प्रेक्षकाला सांगून टाकलं, नायकाला मात्र कळू दिलं नाही. तिथून पुढचा ताण हा माहिती असण्याचा ताण आहे. (दिग्दर्शकाच्या चरित्रातून अर्थ काढण्याचा मोह तूर्त बाजूला ठेवावा; त्यात चित्रपट मागे पडतो.)

लिहिताना कथेला दोन वाक्यं, बाकी सगळी जागा एका प्रसंगाला. तीनशे शब्द पुरतात. मसुदा झाला की ‘अप्रतिम’, ‘अस्वस्थ करणारा’, ‘अंगावर येणारा’ ही विशेषणं खोडा. खोडल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल तर ते वाक्यही काढा. मग चित्रपटाचं नाव बदलून दुसरं घाला. परिच्छेद तरीही चपखल बसत असेल तर तो कशाबद्दलच नाही, आणि रकान्यांकडे परत जावं लागेल.

न पटलेलं एखादं ठिकाणही लिहा. ‘पर्सोना’च्या सुरुवातीला प्रोजेक्टर पेटतो आणि सुट्या, धक्कादायक चित्रांची मालिका येते, कुणाला ती ओढूनताणून आणलेली वाटू शकते. तसं वाटलं तर तीही त्याच रकान्यांतून तपासा. मध्यावर आल्मा काचेचा तुकडा मुद्दाम तसाच पडून राहू देते, एलिझाबेतचा पाय कापतो आणि फिल्मच फाटून जळाल्यासारखी दिसते. त्या दोन जागा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सुरुवातीवर शेरा मारू नका.