नव्या बालपुस्तकांचा माग : साताऱ्यात राहून परीक्षण लिहू पाहणाऱ्यांसाठी

मुलांच्या पुस्तकांवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मंडळी मला अधूनमधून भेटतात. कुणी बीएड करत असतं, कुणी ग्रंथालयात नुकतं लागलेलं असतं, कुणाच्या घरात पाच-सात वर्षांचं मूल असतं. परीक्षण लिहायचं कसं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना सांगते, लिहायचं नंतर बघू, आधी नवं पुस्तक मिळवायला शिका. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलात तर दुकानांच्या दर्शनी भागात गाईडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं दिसतात. मुलांच्या कप्प्यात इसापनीती, बिरबल, पंचतंत्र यांच्या चकचकीत आवृत्त्या असतात. दुकानदाराचा त्यात दोष नाही, जे खपतं ते तो ठेवतो. पण या वर्षी मराठीत मुलांसाठी नवं काय आलं, हे त्या कप्प्यावरून कळत नाही. पुस्तकाचं नाव आणि प्रकाशक कागदावर लिहून दिलं की तोच दुकानदार आठवड्याभरात पुस्तक मागवून देतो. तेव्हा ते नाव आपल्याला आधी कळायला हवं.

नावं कळण्याची माझी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मासिकं आणि दिवाळी अंक. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नव्याने लिहू पाहणाऱ्याने या जुन्या अंकांत सुट्टीचे काही दिवस घालवावेत. मराठी बालसाहित्याची भाषा आणि चित्रं दशकागणिक कशी बदलत गेली ते तिथे डोळ्यांना दिसतं. ‘वयम्’ आणि ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक हेही मी चुकवत नाही. आज ज्याची गोष्ट अंकात आली त्याचं पुस्तक पुढे दोन-तीन वर्षांत येण्याची शक्यता असते. म्हणून आवडलेल्या गोष्टीखालचं लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वहीत टिपून ठेवायचं. माझी ती वही आता चांगली जाडजूड झाली आहे आणि तिच्यातली बरीच नावं पुढे मुखपृष्ठांवर भेटली.

पुरस्कारांच्या याद्याही बघाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीसाठी २०२२ मध्ये तो संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ या कादंबरीला, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहाला आणि २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला मिळाला. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचा वेगळा विभाग आहे. मात्र पुरस्कार मिळेपर्यंत पुस्तक जुनं होऊन गेलेलं असतं. पुस्तक नवं असतानाच ते पालकांच्या कानावर घालणं हे परीक्षणाचं काम आहे.

आपल्या जिल्ह्याला एक सोय लाभली आहे आणि आपण ती पुरती वापरत नाही. वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठली की पुढे भिलार. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडली आहेत, त्यात बालसाहित्याचंही दालन आहे आणि बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही. स्ट्रॉबेरीच्या हंगामातली गर्दी टाळून सकाळी लवकर जा. एकाच लेखकाची किंवा एकाच प्रकाशनाची बालपुस्तकं शेजारी शेजारी ठेवून चाळायला मिळणं ही चैन आहे. तुलना करायची सवय तिथे लागते आणि तुलनेशिवाय परीक्षण उभं राहत नाही. साताऱ्याचा ग्रंथमहोत्सवही असाच उपयोगी पडतो. तिथे गाळ्यावर प्रकाशनाचा माणूस स्वतः उभा असतो. त्याला ‘मुलांचं यंदाचं नवं काय?’ असं थेट विचारायचं आणि सूचिपत्र मागून घ्यायचं.

पैशांची अडचण असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत. त्या चार वाचनपातळ्यांत लावलेल्या असतात. हात बसवायला याहून सोयीचं काही नाही. तिथला मजकूर खुल्या परवान्याखाली असल्यामुळे प्रिंट काढून वर्गात वाटला तरी चालतो. सरावासाठी मी नवशिक्यांना तिथली एकच गोष्ट देते आणि दीडशे शब्दांत तिच्यावर लिहायला सांगते.

पुस्तक हाती आलं की गोष्टीकडे धावण्याआधी मुखपृष्ठ उलटून श्रेयपान वाचायचं. बहुतेक जण हे पान ओलांडून जातात. ‘पहिली आवृत्ती’ अमुक साली आणि ‘पुनर्मुद्रण’ यंदाचं असेल तर पुस्तक नवं नाही, नव्या कपड्यांतलं जुनं आहे. त्यावर लिहू नये असं मी म्हणत नाही, पण वाचकाला तसं सांगावं. पुस्तक अनुवादित असेल तर मूळ भाषा, मूळ लेखक आणि अनुवादक ही तिन्ही नावं तिथे आहेत का ते पाहायचं. चित्रं कुणाची, मांडणी कुणाची, हेही तिथेच सापडतं. मराठी परीक्षणांत चित्रकाराचं नाव सर्रास गळतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकाराने सांगितलेली असते. शब्दांत ‘मनी घाबरली’ एवढंच असतं आणि ती कोणत्या कोपऱ्यात, कशाला पाठ लावून बसली आहे ते चित्र सांगतं. तुमच्या परीक्षणात लेखकाचं नाव पहिल्या ओळीत येत असेल तर चित्रकाराचंही तिथेच यायला हवं.

यानंतर वाचन. पहिलं वाचन एकट्याने, पेन बाजूला ठेवून. मग चित्रपुस्तक किंवा लहान मुलांच्या गोष्टी असतील तर मुलांसमोर मोठ्याने वाचायचं. मी शनिवारी दुपारी एका वाचनालयाच्या बालविभागात मुलांना वाचून दाखवते. तिथे जे कळतं ते एकट्याने वाचताना कधीच कळत नाही. एकदा जंगलात हरवलेल्या भावंडांची गोष्ट वाचत होते. भावंडं ओढ्याकाठी पोहोचेपर्यंत सगळी मुलं सरकत सरकत पुढे आली होती. तेवढ्यात लेखकाने झाडं का तोडू नयेत यावर एक लांब परिच्छेद घातला होता. एक मुलगा मागे सरकून भिंतीला टेकला. दुसऱ्याने चपलेच्या पट्ट्याशी खेळ सुरू केला. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, ते सांगायचं सोडा की, पुढं काय झालं ते वाचा.” मी परिच्छेद गाळून ओढ्यापासून पुढे वाचलं आणि भिंतीला टेकलेला मुलगा परत पुढे आला. लेखकाची कळकळ खरी होती, त्याबद्दल शंका नाही. तरी त्या पानाने गोष्ट थांबवली, हे मी पान क्रमांकासह परीक्षणात लिहिलं.

पण मुलं हसली म्हणजे पुस्तक चांगलं, इतकं हे सरळ नाही. तोंडं वेडीवाकडी करून वाचलं तर मुलं कशालाही हसतात. शांतपणे ऐकून घेतलेलं एखादं पुस्तक पुढच्या शनिवारी एखादं मूल आपणहून मागतं, त्याची किंमत माझ्या लेखी जास्त आहे. म्हणून एकाच वाचनावर मत ठरवू नका. तुमचं स्वतःचं मतही मुलांच्या मागे दडवू नका. भाषा सपक असेल, शेवट घाईत उरकला असेल, तर ते तुम्ही तुमच्या नावावर सांगायचं. ती जबाबदारी मुलांची नाही.

वयोगट हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. पुस्तकावर ‘८ ते १०’ छापलेलं असतं आणि नवा परीक्षक तेच उतरवून घेतो. आपल्याकडच्या घरांत मात्र मराठी शाळेतलं, सेमी इंग्रजीतलं आणि इंग्रजी माध्यमातलं अशी तीन तऱ्हेची मुलं असतात. इंग्रजी माध्यमातल्या दहा वर्षांच्या मुलीला गोष्ट दहा वर्षांच्या मुलीचीच हवी असते, पण ‘ज्येष्ठ’, ‘कर्तृत्व’, ‘प्रात्यक्षिक’ असे शब्द एका ओळीत आले की ती अडखळते आणि पुस्तक मिटते. तिच्या आईला परीक्षणातून नेमकं हे कळायला हवं : वाक्यं किती लांब आहेत, टाइप किती मोठा आहे, जोडाक्षरांची गर्दी आहे का, आईने सोबत बसून वाचावं की मुलीला एकटीला द्यावं. वयाचा आकडा लिहिण्यापेक्षा ‘नुकतं सलग वाचायला लागलेल्या मुलाला’ असं लिहिलं तर पालकाला जास्त उपयोग होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकातलं जग. बऱ्याच बालपुस्तकांतली मुलं फ्लॅटमध्ये राहतात, लिफ्टने खाली येतात आणि सुट्टीत ‘गावाला’ जातात. आपल्या जिल्ह्यातल्या माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांतल्या मुलाचं गाव सुट्टीपुरतं नसतं. टँकर, चारा छावणी, आठवडी बाजार हे त्याचं रोजचं जग असतं. त्याने शहरातल्या गोष्टी वाचूच नयेत असं मुळीच नाही, उलट आवर्जून वाचाव्यात. पण एखाद्या पुस्तकात खेडं फक्त शेणाच्या वासापुरतं आणि आजीच्या लाडवांपुरतं येत असेल, तर ते खेड्यातल्या वाचकाला कसं लागेल याचा विचार परीक्षकाने करायचा आणि लिहायचा. इथे राहून लिहिणाऱ्याला हे पुण्यात बसलेल्या परीक्षकापेक्षा लवकर दिसतं, असा माझा अनुभव आहे.

माहितीपर पुस्तकांना वेगळी कसोटी लावायची. पक्षी, ग्रह, किल्ले यांवरची देखणी पुस्तकं आता बरीच येतात. त्यांतली निदान पाच विधानं तपासल्याशिवाय लिहू नका. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला आणि तो आता इंटरनेटवर खुला आहे, तिथून सुरुवात करा. किल्ल्यांच्या पुस्तकात अजिंक्यताऱ्याचा नाहीतर प्रतापगडाचा नकाशा असेल तर पुस्तक पिशवीत टाकून सरळ गडावर जा.

तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी मराठीत फार कमी लिहिलं जातं. ही मुलं बालविभागातून उठतात आणि थेट मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर जातात, नाहीतर वाचनच सोडतात. मैत्री तुटणं, शरीर बदलणं, दहावीचं ओझं, घरातली पैशांची ओढाताण यांवर त्यांच्या वयाचं पुस्तक मागितलं तर ग्रंथपालाला कपाटासमोर उभं राहून विचार करावा लागतो. म्हणून कुमारांसाठीचं नवं पुस्तक दिसलं की ते मी रांगेत सगळ्यांच्या पुढे घेते. या वयाच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं नसतं. पुस्तक द्यायचं आणि मागे लागायचं नाही. परत करताना तीच बोलतात. एका नववीतल्या मुलाने कादंबरी परत देताना एवढंच म्हटलं, “शेवटी बाप एकदम चांगला झाला, तसं होत नसतंय.” त्या पुस्तकाबद्दल माझ्या मनात जी शंका होती ती त्याने एका वाक्यात सांगितली. त्याचं नाव न देता मी ते वाक्य परीक्षणात घेतलं.

आता लिहिण्याबद्दल. समजा, आई-वडील ऊसतोडीला गेलेत आणि बारा वर्षांची मुलगी आजीजवळ राहून शाळा करते, अशी कादंबरी तुमच्यासमोर आहे. ‘ओघवती भाषा, आकर्षक मुखपृष्ठ, मुलांवर चांगले संस्कार करणारं संग्राह्य पुस्तक’ हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं आणि कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं. त्याऐवजी असं लिहा : ‘गोष्ट मुलीच्या तोंडून येते आणि ती तक्रार करत नाही. आई फोनवर काय म्हणाली ते ती सांगते, स्वतःला काय वाटलं ते सांगत नाही, ते वाचणाऱ्याला कळतं. मधली शाळेची प्रकरणं लांबली आहेत. सहावी-सातवीतल्या मुलांना एकट्याने वाचता येईल, मात्र ज्यांचे आई-वडील खरोखर बाहेरगावी आहेत त्यांना देताना आधी मोठ्यांनी वाचावं.’ एवढ्यावरून वर्गात पुस्तक ठेवायचं की नाही, हे शिक्षकाला ठरवता येतं. शेवट मात्र फोडायचा नाही. मुलंही परीक्षणं वाचतात.

ओळखीच्या लेखकाच्या पुस्तकावर लिहावं का, हे सगळेच विचारतात. जिल्हा लहान आहे, ओळख निघतेच. मी ओळख असेल तर ती परीक्षणातच सांगते. आणि पुस्तक आवडलं नसेल तर लेखकाला परीक्षण छापून येण्याआधी फोन करत नाही. प्रकाशकाने अभिप्रायासाठी पाठवलेली प्रत म्हणजे परीक्षण छापण्याचं वचन नव्हे, हे त्यांना पहिल्याच पत्रात नम्रपणे कळवून टाकावं. वाचून झाल्यावर त्या प्रती मी शाळांना देते.

या कामावर घर चालत नाही. पुरवण्यांतून मिळालंच तर किरकोळ मानधन मिळतं, बऱ्याचदा तेही नाही. ग्रंथालय, शाळा, अनुवाद किंवा संपादन यांपैकी एखाद्या कामाला जोडून हे केलं तर टिकतं. त्या कामांत परीक्षणाची सवय उपयोगीही पडते. वाचनालयाच्या खरेदी समितीत बालविभागाची यादी करायला कुणी तयार नसतं, तिथे तुम्ही हात वर करा. स्थानिक दैनिकाच्या पुरवणीला पाठवताना चारशे शब्दांच्या आत लिहा, मुखपृष्ठाचा स्वच्छ फोटो जोडा आणि खाली पुस्तकाचं नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशन, पानं, किंमत इतकं न चुकता द्या. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुरवण्यांना असा मजकूर हवा असतो, तेव्हा पहिलं परीक्षण त्या सुमारास हाती पडेल असं पाठवा.