एका ट्यूबमध्ये पाच माणसं? खरूज आणि उवांच्या औषधांच्या या चुका टाळा

"दादा, एकच ट्यूब द्या. पोराला खाज सुटलीया."

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे. दुकान नवीन होतं तेव्हा मी एका बाईंना निमूटपणे एक ट्यूब काढून दिली होती. खरजेचं क्रीम, पर्मेथ्रिन ५ टक्के, ३० ग्रॅम. घरात माणसं पाच. त्यांनी ती पाच जणांत पुरवली: पोराच्या बोटांच्या बेचक्यांत जरा जास्त, बाकीच्यांना खाजतं तिथे टिकलीएवढी. तीन आठवड्यांनी बाई तणतणत आल्या, "तुमचं औषध डुप्लिकेट हाय." औषध चांगलं होतं. हिशेब चुकला होता, आणि तो सांगायचं काम माझं होतं.

तो हिशेब असा. मोठ्या माणसाला एका वेळेला ३० ग्रॅम, म्हणजे अख्खी ट्यूब लागते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण अर्धी, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव. त्या घरात नवरा, बायको, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. बेरीज ११२.५ ग्रॅम, म्हणजे चार ट्यूब. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा एकदा लावायचं, म्हणजे आठ. एक मागायला आलेल्याला आठ सांगितल्या की "दुकानदार माल खपवतोय" असं तोंडावर येतं. पण एक-एक करत सहा महिन्यांत बारा ट्यूब नेलेली आणि तरी खाजवत बसलेली घरंही मी बघितलीत. पैसे जमत नसतील तर सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा, पण अर्धवट लावू नका.

खाजतं तिथेच लावणं

खरजेचा किडा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरते आणि आत अंडी घालते. खाज सुटते ती शरीर या सगळ्याला चिडतं म्हणून. त्यामुळे खाज एकीकडे आणि किडा दुसरीकडे असं सर्रास असतं. क्रीम गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांची बेचकी, मनगटं, काखा, बेंबी, कंबरेला नाडी बांधतो तो पट्टा, जांघा, गुप्तांग, पार्श्वभागाची घडी, पायाच्या बोटांमधली जागा, काहीही सोडायचं नाही. नखं कापून नखांच्या खालीही लावायचं, जुना टूथब्रश त्याला उत्तम. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि खूप वय झालेल्यांना डोकं, कपाळ, कानांमागेही लावायला सांगतात, डोळे आणि तोंड सोडून. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर हे क्रीम आपल्या मनाने लावायचंच नाही. त्यांच्यासाठी गंधकाचं मलम असतं, पण तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

कडकडीत पाण्याने आंघोळ करून लगेच लावायची सवय आहे आपल्याला. ती मोडा. कातडी थंड आणि कोरडी हवी. रात्री लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं, सकाळी धुवायचं. आणि लावून झाल्यावर आई भांडी घासायला बसली तर हातांवरचं सगळं धुऊन जातं. किडे सगळ्यात जास्त असतात ते हातांवरच. म्हणून भांडी आधी, औषध नंतर. रात्रीत हात धुवावे लागले तर हातांना पुन्हा लावा. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाजायच्या आधी स्तनावरचं क्रीम धुऊन घ्यावं. बोटं चोखणाऱ्या बाळाच्या हातात मोजे घाला.

"मला कुठं खाज हाय?"

हे वाक्य बहुतेक घरांत सासूबाईंचं असतं, नाहीतर घरातल्या कर्त्या पुरुषाचं. पहिल्यांदाच लागण होते तेव्हा खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. तोवर माणूस निवांत असतो आणि वाकळीतून, मिठीतून, पोराला कुशीत घेऊन झोपताना दुसऱ्याला देत असतो. मग होतं काय, सोमवारी पोराला लावलं, गुरुवारी आईला, वडिलांना लावलंच नाही. पोरगं बरं होतं आणि वडिलांकडून परत घेतं. दुसऱ्या वेळेला खाज चार दिवसांच्या आत सुरू होते, म्हणून लोकांना वाटतं औषधाचा असर उतरला. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. गावाकडे गेलेला माणूस परत यायची वाट बघावी लागली तरी चालेल.

त्याच सकाळी मागच्या तीन-चार दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे. ही गोष्ट मे महिन्यात सांगायला सोपी. जुलैत आपल्याकडे वाकळ वाळवायची म्हणजे आठवडाभर घरात ओलसर वास. त्याला सोपा तोड आहे: किडा माणसाच्या अंगावेगळा दोन-तीन दिवसांच्या पलीकडे जगत नाही. जे धुता येत नाही ते मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर माळ्यावर टाका. गादीवर, सोफ्यावर झुरळाचा स्प्रे मारून त्यावर पोरांना झोपवायचं काही कारण नाही.

बरं झाल्यावरही चोळत राहणं

किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत राहतात. खाज आणखी दोन ते चार आठवडे टिकू शकते. ही गोष्ट आधी सांगितली नाही की माणूस दर दोन दिवसांनी क्रीम चोळतो, कातडी सोलवटते, आग होते, आणि ती आग म्हणजे खरूज समजून तो आणखी चोळतो. दोन वेळा नीट लावून झालं की थांबा. खोबरेल तेल, कॅलामाइन, रात्री झोप लागत नसेल तर डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी, बस्स. चार आठवड्यांनंतरही नवीन पुळ्या येत असतील तर मात्र पुन्हा दाखवा. पुळ्यांत पू भरला, ताप आला, तोंड सुजलं किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दाखवा. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या की त्याचा त्रास मूत्रपिंडापर्यंत जातो, विशेषतः लहान मुलांत.

खाजेची मलमं, जुनी बाटली आणि बिनवजनाची गोळी

यातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे "खाजेवरची कुठली तरी ट्यूब". त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज शांत होते आणि किडे खुशाल वाढतात. पुरळाचं रूप असं बदलतं की डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. गजकर्णाला खरूज आणि खरजेला ॲलर्जी म्हणून मलमं बदलत बसणारे आठवड्याला एक-दोन तरी येतात. मी पहिला प्रश्न विचारतो तो एकच: घरात आणखी कुणाला खाज आहे का, आणि ती रात्री वाढते का? दोन्हीला "व्हय" आलं की ट्यूब देत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो.

दुसरी चूक कपाटातली जुनी बाटली. गामा बेंझिन हेक्साक्लोराईड, म्हणजेच लिंडेन. आपल्या आधीच्या पिढीने हे अंगाला लावलंय. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि मेंदूवर परिणाम करतं, फिट येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत ते घातक रसायन म्हणून गेलं, फक्त उवा आणि खरजेपुरती सूट ठेवून. लहान मुलं, गरोदर बायका, फिटचा त्रास असलेले, खाजवून कातडी फुटलेले, यांच्या जवळही ते नेऊ नका. अंगाला तेल लावलेलं असताना तर नाहीच.

आयव्हरमेक्टिनची गोळी कोरोनात घरोघरी माहीत झाली. खरजेत ती उपयोगी आहे, पण मात्रा वजनावर ठरते: किलोला २०० मायक्रोग्रॅम, सात ते चौदा दिवसांनी दुसऱ्यांदा. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत. शेजारणीला १२ मिलिग्रॅम दिली म्हणून तुमच्या पोराला तीच, असं चालत नाही. आणि जनावरांचं इंजेक्शन किंवा म्हशीच्या गोचिडांचं औषध माणसाला वापरायचा विचारही नको. आमच्याकडे हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण गोठा आणि घर यांत एक भिंत असते आणि ते औषध गोठ्याच्या कोनाड्यातच पडलेलं असतं.

आता उवा

इथे पहिला घोटाळा टक्क्यांचा. डोक्यातल्या उवांना पर्मेथ्रिन १ टक्का, खरजेला ५ टक्के. घरात दोन्ही असली की बाटली आणि ट्यूब यांची अदलाबदल होते. पर्मेथ्रिनचा साबणही मिळतो, पण फेस करून मिनिटभरात धुतलेला साबण म्हणजे उपचार नव्हे.

दुसरा घोटाळा तेलाचा. शाळेच्या पोरींच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि केसांत चपचपीत तेल. त्याच तेलावर औषध ओतलं की ते केसांना धरतच नाही. साध्या शॅम्पूने केस धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपा, मग औषध लावून दहा मिनिटं ठेवा. घड्याळ लावून दहा. रात्रभर ठेवल्याने उवा जास्त मरत नाहीत, टाळू मात्र भाजते. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून लहान पोरीला झोपवणं तर जिवाशी खेळ आहे. धुताना तिला पुढे वाकवून बादलीवर धुवा, डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरा. आंघोळीतच धुतलं तर औषध सगळ्या अंगावरून वाहतं. नंतर दोन दिवस शॅम्पू नको.

औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत. त्या आठ-नऊ दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात. पहिल्या दिवशी डोकं स्वच्छ दिसलं की हा दुसरा हात हमखास चुकतो आणि महिन्याने "परत झाल्या". मी बाटलीवर पेनाने तारीख लिहून देतो. मधल्या दिवसांत ओल्या केसांतून फणी फिरवायची, बट-बट करून, प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर झटकून. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून दोन सेंटिमीटरवर चिकटलेली लीख दोन महिन्यांपूर्वीची, रिकामी. तिच्यासाठी पुन्हा बाटली आणायची गरज नाही. झटकल्यावर उडतो तो कोंडा, केसाला चिकटून राहते ती लीख.

आणि घरगुती उपाय. रॉकेलने कातडी भाजते आणि चुलीजवळ गेलं की पेट घेतं. कापूर घातलेलं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर फिट येते. सीताफळाच्या बियांची पूड तर आमच्याकडे आजीच्या बटव्यातली. बिया कुटून खोबरेलात कालवतात. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, पोरगी दोन दिवस डोळा उघडत नाही. आजीशी वाद घालत बसू नका, बिया तेवढ्या फेकून द्या. कुठलंही औषध डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. कुणी प्यायलं असेल तर उलटी करवू नका, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

उवा उडी मारत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात. त्यामुळे घर निर्जंतुक करण्यापेक्षा वर्गातल्या आणि शेजारच्या दोन पोरींची डोकी बघितली तर जास्त उपयोग होतो. अर्थात ते शेजारणीला सांगायचं कसं, हे माझ्या दुकानात मिळत नाही. दोनदा नीट लावूनही जिवंत उवा फिरताना दिसल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा थापू नका. काही उवांवर पर्मेथ्रिन चालेनासं झालंय. डॉक्टर दुसरं देतील.

सगळं बरोबर करूनही जात नाही तेव्हा

मागच्या पावसाळ्यात एक पैलवान पोरगा तीन वेळा आला. घरच्या सगळ्यांनी लावलेलं, ट्यूब मोजून नेलेल्या, वाकळी बांधून ठेवलेल्या. तरी कंबरेला आणि बेचक्यांत नवीन पुळ्या. मी विचारलं, "झोपतोस कुठं?"

"तालमीत."

घरच्या वाकळी माळ्यावर आणि हा रात्री तालमीतल्या दुसऱ्याच्या अंथरुणावर, दुसऱ्याच्या टॉवेलने अंग पुसून. शिवाय रोज तास-दीड तास अंगाला अंग घासून लढत. खरूज व्हायला याहून सोयीची जागा नाही. कोल्हापूर १९०१ पासून बोर्डिंगांचं गाव, आणि ज्या खोलीत आठ पोरं एका रांगेत झोपतात तिथेही हीच गोष्ट घडते. मी त्याला म्हटलं, वस्तादांना घेऊन ये.

वस्ताद आले, पाटावर बसल्यासारखे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पोरास्नी सांगू नगा खरूज हाय म्हणून, जोड धरायची न्हाईत." तालमीत राहणारे एकवीस जण. दोन वेळेच्या बेचाळीस ट्यूब. त्यांनी आकडा ऐकून मिशीवरून हात फिरवला, मग शनिवारी रात्री सगळ्यांना लंगोट काढून ओळीत उभं केलं आणि पाठीला एकमेकांनी लावायचं फर्मान सोडलं. रविवारी सराव बंद, अंथरुणं पिशव्यांत. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

महिन्याने तो पोरगा आला. खाज गेली होती. त्याला खांद्यासाठी मुरगळ्याचं मलम हवं होतं.