सुट्टीत बिघडलेली झोप शाळेआधी रुळावर कशी आणावी

मे महिन्यात आठवी-नववीतली मुलं रात्री दोन-अडीचला झोपतात आणि सकाळी साडेदहाला उठतात. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री मग घरोघरी फर्मान सुटतं, ‘आज नऊला झोपायचं!’ पोर अंथरुणात तळमळत पडतं आणि सगळ्यांची चिडचिड होते. वयात येताना झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे हार्मोन रात्री तास-दोन तास उशिरा वाढू लागतं. याला आळस म्हणणं आधी थांबवा.

१. गणित मांडा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. सहाला उठायचं तर दहाला दिवा बंद, त्यापुढे नाही.

२. उठण्याची वेळ अलीकडे आणा, झोपायची नव्हे. घोडं अडतं ते इथेच. रोजच्या झोपेआधीच्या दोन-तीन तासांत मेंदू उलट तरतरीत असतो, म्हणून ‘लवकर झोप’ हा हुकूम फुकट जातो. उठणं मात्र आपल्या हातात असतं. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या: आधी दहा, मग साडेनऊ, मग नऊ. साडेदहावरून सहावर यायला नऊ टप्पे, म्हणजे १८ दिवस लागतात. शाळा जूनच्या मध्याला उघडणार असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात हवी.

‘पहिल्याच दिवशी पहाटे उठवून उन्हात उभं करा’ हा सल्ला तर कानाआड करा. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी सुमारे दोन तास सर्वांत खाली जातं. साडेदहाला उठणाऱ्याचं ते साडेआठच्या आसपास. त्याआधी डोळ्यांवर पडलेला लख्ख उजेड शरीराला संध्याकाळच्या उजेडासारखा वाटतो, आणि झोप आणखी उशिरावर ढकलली जाते. ठरल्या वेळी उठल्यावर मात्र लगेच अर्धा तास बाहेर काढा: गच्ची, अंगण, दूध आणायला कोपऱ्यापर्यंत, काहीही. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो.

पाचव्या-सहाव्या टप्प्यावर गाडी अडकते. सकाळी उठतात, पण रात्री झोप येत नाही. त्याच वेळेवर आणखी दोन दिवस थांबा, मागे जाऊ नका. रविवारी फार तर एक तास सूट. अकरापर्यंत लोळू दिलं की आठवड्याची मेहनत पाण्यात.

३. दुपारची डुलकी २० मिनिटं, चारच्या आत. क्लासहून येऊन सातला आडवं होणं बंद.

४. चहा-कॉफी दुपारनंतर नको. सहाला प्यायलेल्या कॉफीतलं जवळपास अर्धं कॅफीन अकरालाही अंगात असतं.

५. फोन रात्री फ्रिजवर चार्जिंगला, आई-बाबांचेसुद्धा. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘अलार्म लावायचाय’ म्हणत फोन उशीखाली परत येतो. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? तिथे दहानंतर टीव्ही आणि मोठा दिवा बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना.

मेलाटोनिनच्या गोळ्या किंवा गमीज डॉक्टरांना न विचारता देऊ नका. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, किंवा पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर वेळापत्रकाशी झगडत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा.