काडीपासून झाड: अंजीर, डाळिंब आणि तुतीची फाटे कलमे घरच्या घरी

परसात अंजीर, डाळिंब, तुती लावायची असेल तर ओळखीच्या घरच्या चांगल्या झाडाची एक फांदी पुरते. बी टाकून वाढवलेल्या डाळिंबाला कसले फळ धरेल, सांगता येत नाही. काडीचे झाड मात्र आईच्या झाडासारखेच निघते, म्हणून आधी झाड पारखा. फळांवर तेलकट काळे डाग असतील, म्हणजे तेल्या असेल, तर त्या डाळिंबाची काडी फुकट मिळाली तरी आणू नका. रोग काडीबरोबर घरात येतो.

संक्रांतीच्या आसपास, अंजिराची पाने गळालेली असताना, गेल्या वर्षीची पक्की, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. कोवळा हिरवा शेंडा टाकून द्या. 20 ते 25 सेंटिमीटरच्या काड्या करा, प्रत्येकीवर चार-पाच डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या आणि वरचा तिरपा. पाणी तिरप्या कापावरून ओघळते, शिवाय काडी उलटी लागत नाही. अंजिराचा चीक अंगाला खाजतो, तेव्हा हातमोजे घाला.

अंजीर आणि तुतीला सहसा औषध लागत नाही. डाळिंबाच्या काडीचे बूड मात्र मुळे फुटायच्या पावडरीत बुडवलेले बरे.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुने कुजलेले शेणखत भरा. पिशवीला खाली भोके हवीतच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची तांबडी माती यासाठी उत्तम. अथणीकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि काडीचे बूड कुजते, म्हणून तिच्यात वाळू वाढवा. दोन डोळे वर ठेवून काडी खोचा, भोवतीची माती दाबा, पिशवी सावलीत ठेवा. माती ओलसर राहील एवढेच पाणी द्या.

इथून पुढे खरी कसोटी धीराची. दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटते आणि काडी जगली असे वाटते. पण ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली मुळाचा पत्ताही नसतो. माझी पहिली अंजिरे अशीच गेली: पाने पाहून मी ती उन्हात काढली आणि आठवड्यात सुकली. काडी उपटून बघण्याचा मोहही आवरा, नुकती फुटलेली मुळे तेवढ्यानेच तुटतात. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळे डोकावली की मगच हळूहळू ऊन दाखवा.

अथणी-चिकोडीकडे पहिल्या पावसावर रोप जमिनीत लावता येते. खानापूरच्या धो-धो पावसात कोवळी मुळे कुजतात, तिथे जोर ओसरेपर्यंत थांबा आणि रोप उंचवट्यावरच लावा.